गच्चीवरचा किल्ला, मागे खरा डोंगर

माझ्या पहिल्या जोडफोटोत, म्हणजे दोन फोटो जोडून केलेल्या फोटोत, साताऱ्याचा अजिंक्यतारा उलटा होता. पाटावर हातभर उंचीचा मातीचा किल्ला केला होता आणि मागे मोबाइलमध्ये आधीपासून पडून असलेला डोंगराचा फोटो लावला होता. किल्ल्यावर ऊन डावीकडून, डोंगरावर उजवीकडून. म्हटलं, सोपं आहे, डोंगराचा फोटो पलटवून टाकू. ऊन जुळलं, मी खूश. बाबांनी चहा पिता पिता बघितलं आणि विचारलं, "टॉवर इकडं कधी आणला?" अजिंक्यताऱ्यावरचा टीव्हीचा टॉवर कुठल्या बाजूला दिसतो, हे सातारकराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. माझा अख्खा रविवार त्या एका वाक्यात गेला.

दिवाळीचा किल्ला, शाळेच्या प्रकल्पातलं थर्माकोलचं गाव, कुणाची छोट्या रुळांवरची आगगाडी, असं काहीही मॉडेल असो, त्याच्या मागची भिंत आणि वाळत घातलेले टॉवेल काढून तिथं खरं आभाळ आणि खरा डोंगर कसा आणायचा, ते इथं सांगते. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी लिहिलंय. जुळवाजुळवीचा मोठा भाग फोटो काढतानाच उरकतो. तिथं चुकलं तर लॅपटॉपवर कितीही तास घाला, बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं.

साहित्य

साधा मोबाइल, तो स्थिर उभा करायला स्टँड किंवा दोन विटा, एक फिकट चादर, एक पांढरा ड्रॉइंग पेपर आणि गिम्प हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. लॅपटॉप जुना असेल तर ब्राउझरमध्येच चालणारं फोटोपी वापरा. खाली नावं गिम्पमधली आहेत, पण लेयर, मास्क, लेव्हल्स या गोष्टी दोन्हीकडे आहेत. पार्श्वभूमी आपोआप बदलून देणारी मोबाइल अ‍ॅप्स असतात, पण ती जो डोंगर देतात तो कुठलाच नसतो. आपल्याकडचे डोंगर काळ्या कातळाचे, वरून सपाट, अंगावर आडव्या पट्ट्या. त्याजागी टोकदार बर्फाळ शिखर आलं की मातीचा किल्लाही परका वाटायला लागतो.

आधी मॉडेलकडे बघा

कॅमेरा जवळ गेला की मातीची ढेकळं शिळांएवढी दिसतात. म्हणून फोटोत येणाऱ्या भागावर माती चाळून टाका. पीठ चाळायची जुनी चाळणी पुरते. हळीव उगवून बोटभर झालेले असतील तर पुढच्या ओळीतले कात्रीने कापून बुटके करा, नाहीतर तटापेक्षा गवत उंच होतं.

मावळ्यांचा प्रश्न जरा नाजूक आहे. बाजारात मिळणारे मावळे बहुतेक वेळा आपल्या किल्ल्याच्या दरवाजापेक्षा उंच असतात. अंगणातल्या किल्ल्यात ते शोभतात, पण खऱ्यासारख्या फोटोत दरवाजात न मावणारा पहारेकरी लगेच नजरेत भरतो. मी फोटोपुरते मावळे बाजूला ठेवते, किंवा कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात एखादा उभा करते, म्हणजे तो जवळचा म्हणून मोठा वाटतो. पणती तर नकोच. ज्योत लहान करता येत नाही, त्यामुळं बुरुजाशेजारी ठेवलेली पणती गावाला आग लागल्यासारखी दिसते.

डोळ्याची उंची

फोटोत क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असतं. तुम्ही जमिनीवर उभे असा की कड्यावर, सपाट दूरवरची कड तुमच्या डोळ्यांच्याच रेषेत येते. मॉडेलचा फोटो आपण बहुधा उभं राहून, वरून वाकून काढतो. त्या फोटोत क्षितिज चौकटीच्याही वर गेलेलं असतं. त्यामागे रस्त्यावर उभं राहून काढलेला डोंगर लावला की किल्ला घसरून पडतोय असं वाटतं. सॉफ्टवेअरमध्ये याला उपाय नाही.

म्हणून कॅमेरा खाली न्या. किती खाली, याचं गणित करून बघा. मावळा 7 सेंटिमीटरचा असेल आणि खरा माणूस साधारण 165 सेंटिमीटरचा धरला, तर मॉडेल सुमारे 24 पट लहान झालं. माणसाचे डोळे जमिनीपासून 155 सेंटिमीटरवर धरले, तर 24 ने भागून साडेसहा सेंटिमीटर येतात. तेवढ्या उंचीवर लेन्स हवी. मोबाइलची लेन्स वरच्या कोपऱ्यात असल्यामुळं ती इतकी खाली येत नाही, म्हणून मोबाइल उलटा धरा. लेन्स पाटाला टेकायला येते आणि फोटो बहुतेक मोबाइल आपोआप सुलटा करून ठेवतात.

दुसरी गोष्ट, मोबाइल पुढे-मागे जरासुद्धा झुकू देऊ नका. ओळंब्यात धरल्यासारखा सरळ उभा ठेवा. असा सरळ धरलेला असला की क्षितिज फोटोच्या बरोब्बर मध्यावर येतं. मॉडेलचा फोटो असाच, डोंगराचाही असाच, म्हणजे दोन्हींच्या मध्यरेषा एकमेकींवर ठेवल्या की काम झालं. आपल्याकडे सगळीकडे डोंगर असल्यामुळं खरं क्षितिज दिसतच नाही, त्यामुळं ही युक्ती फार कामाला येते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ग्रिडच्या रेघा चालू करून ठेवा. नको असलेलं आभाळ किंवा जमीन कापायची असेल तर ती सगळ्यात शेवटी कापा.

किल्ला लांबून, समोरच्या डोंगरावरून बघितल्यासारखा हवा असेल तर कॅमेरा तटाच्या उंचीला न्या, पण मग मागचा फोटोही उंचावरचाच लागेल. यवतेश्वरच्या घाटातून काढलेला चालेल, खाली शहरातल्या पोवई नाक्यावरून काढलेला नाही.

एकाच जागेवरून दोन फोटो

मला सगळ्यात भरवशाची वाटलेली पद्धत ही. पाट गच्चीवर न्या. कठड्याजवळ टेबल टाकून पाटाची पातळी कठड्याच्या चार बोटं वर येईल असं बघा. मोबाइल पाटापुढे वेगळ्या स्टँडवर उभा करा, म्हणजे पाट उचलला तरी तो हलणार नाही. आता पहिला फोटो किल्ल्याचा. मग पाट उचलून बाजूला ठेवा आणि त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, दोन-तीन मिनिटांत डोंगराचा फोटो काढा, बोट डोंगरावर टेकवून फोकस करून. वेळ तीच, दिशा तीच, लेन्स तीच. ऊन, क्षितिज आणि डोंगराचा आकार तिन्ही आपोआप जुळतात.

कुणी म्हणेल, खरा डोंगर मागे आहेच तर एकच फोटो का नाही? कारण जवळचा किल्ला आणि लांबचा डोंगर दोन्ही एकदम स्पष्ट येत नाहीत. शिवाय मध्ये शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या, डिश आणि केबलच्या वायरी असतात.

किल्ल्याच्या फोटोच्या वेळी मागे चादर धरायला कुणालातरी उभं करा. माझा भाचा हे काम कुल्फीच्या बोलीवर करतो. चादर किल्ल्यापासून तीन-चार फूट लांब असावी आणि तिची सावली किल्ल्यावर पडू नये. रंग फिकट निळा किंवा राखाडी. सिनेमावाले हिरवा पडदा लावतात म्हणून मी एकदा आईची पोपटी साडी लावली होती. गिम्पला हिरवं काढ म्हटल्यावर त्याने साडीबरोबर सगळे हळीवही काढले, आणि उरलेल्या तटावर शेवाळल्यासारखी हिरवी झाक राहिली. फिकट निळ्याचा फायदा असा की कडेला थोडा रंग राहिलाच तरी तो आभाळात खपून जातो.

उन्हाचंही थोडं समजून घ्या. शहरातून अजिंक्यतारा बघताना आपलं तोंड दक्षिणेला असतं. दिवाळीच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळं डोंगराची शहराकडची बाजू दिवसातला बराच वेळ सावलीत असते. सकाळी ऊन डावीकडून, थोडं समोरून येतं आणि संध्याकाळी उजवीकडून. म्हणजे किल्ल्याची आपल्याकडची बाजूही काळवंडणार. तिथं ड्रॉइंग पेपर कामाला येतो. सूर्याच्या समोरच्या बाजूला, फोटोत येणार नाही असा तिरपा धरा, त्याच्यावरून परतलेला उजेड तटाच्या दगडांवर पडतो. सकाळी आठ-नऊला सावल्या लांब आणि मऊ असतात. दुपारी बाराला काढू नका, सगळं चपटं दिसतं.

मोबाइलचा पोर्ट्रेट मोड बंद, फ्लॅश बंद. अगदी जवळ जाऊ नका, तीन-चार फुटांवरून काढून नंतर कापा, म्हणजे पुढचा बुरूज आणि मागचा बुरूज दोन्ही स्पष्ट येतात. मोठा कॅमेरा असेल तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ 11 च्या आसपास ठेवा.

अंगणातला किल्ला हलवता येत नसेल तर डोंगराचा फोटो वेगळा काढावा लागेल. तेव्हा किल्ल्याचा फोटो कुठल्या दिशेला तोंड करून आणि किती वाजता काढला हे लिहून ठेवा. मागचा फोटो त्याच दिशेला तोंड करून, त्याच वेळेला काढा. वाढे फाट्याकडून, सज्जनगडच्या रस्त्यावरून, कुठूनही. ऋतूही सांभाळा. कासच्या फुलांचा फोटो कितीही सुंदर असला तरी दिवाळीपर्यंत तो बहर ओसरलेला असतो, आणि श्रावणातला हिरवागार डोंगर कार्तिकातल्या कोरड्या मातीमागे लावला तर माती रंगवल्यासारखी दिसते. इंटरनेटवरून उचललेले फोटो नकोतच. दुसऱ्याची मालकी हा एक भाग झाला, आणि ते कुठल्या उंचीवरून, कुठल्या लेन्सने काढलेत हेही कळत नाही.

आता लॅपटॉपवर

गिम्पमध्ये आधी डोंगराचा फोटो उघडा. मग फाइल मेनूतून ओपन अ‍ॅज लेयर्स करून किल्ल्याचा फोटो त्याच्यावर आणा. दोन कागद एकावर एक ठेवल्यासारखे हे दोन लेयर.

किल्ल्याचा लेयर निवडून सिलेक्ट बाय कलर हे हत्यार घ्या आणि चादरीवर क्लिक करा. सगळी चादर एका क्लिकमध्ये निवडली जात नाही. शिफ्ट दाबून उरलेल्या भागांवर क्लिक करत जा. तटाचा एखादा राखाडी दगडही निवडला गेला तर आत्ता चिंता करू नका. मग सिलेक्ट मेनूतून इन्व्हर्ट, म्हणजे चादरीऐवजी किल्ला निवडला जाईल. पुढे श्रिंक (निवडीची कड आत घेणं) 1 पिक्सेल आणि फेदर (ती कड मऊ करणं) 1 पिक्सेल. हे श्रिंक विसरू नका. तटाच्या कडेला चादरीची जी पांढुरकी रेघ राहते ती यानेच जाते, आणि जोडफोटो ओळखू येतो तो बहुतेक त्या रेघेमुळंच.

आता किल्ल्याच्या लेयरवर उजवं क्लिक करून अ‍ॅड लेयर मास्क, आणि विचारल्यावर सिलेक्शन हा पर्याय. चादर नाहीशी होऊन मागे डोंगर दिसतो. मग सिलेक्ट मेनूतून नन करून निवड सोडून द्या, नाहीतर पुढचा ब्रश निवडलेल्या भागाबाहेर चालणारच नाही. खोडरबर मात्र वापरू नका. खोडलेलं गेलं ते गेलं, मास्कमधलं मात्र परत आणता येतं. मास्क निवडलेला असताना काळ्या ब्रशने रंगवलं की भाग लपतो, पांढऱ्याने रंगवलं की परत दिसतो. कीबोर्डवरची एक्स कळ दाबली की काळा-पांढरा आलटून पालटून येतो. मघाशी चुकून गेलेला दगड पांढऱ्या ब्रशने परत आणा.

इथं घाई नको. फोटो दुप्पट मोठा करून कडेने फिरा. तटासाठी कडक कडेचा ब्रश, मातीच्या उतारासाठी थोडा मऊ. सगळ्यात जास्त वेळ हळिवाला लागतो. एकेका काडीभोवती काळं रंगवत बसलात तर संध्याकाळ होते. त्यापेक्षा शेंडे दिसतील एवढंच ठेवा आणि काड्यांमधली चादर बारीक ब्रशने अर्धवट पारदर्शक करा, म्हणजे ब्रशची ओपॅसिटी 40-50 वर ठेवून. मागचा रंग थोडा झिरपला की डोळ्याला ते गवतच वाटतं.

डोंगराच्या लेयरवर जाऊन वायरी, टाक्यांची टोकं हील हत्याराने पुसा. कंट्रोल दाबून शेजारच्या स्वच्छ आभाळावर क्लिक करायचं, मग वायरीवरून ब्रश फिरवायचा. किल्ला शिवकाळातला दाखवायचा असेल तर टॉवरही जायला हवा. तो क्लोनने, म्हणजे शेजारचा भाग जसाच्या तसा उमटवणाऱ्या हत्याराने, तुकड्या-तुकड्याने काढा. कड्याची रेघ जिथे टॉवरला मिळते तिथे सावकाश, कारण तिथला कड्याचा आकार सगळ्या गावाला पाठ आहे.

लांबचा डोंगर लांब दिसायला हवा

इतकं झाल्यावरही डोंगर किल्ल्याला चिकटलेला वाटतो. गच्चीतून बघा, जवळचं झाड गडद आणि लांबचा डोंगर फिकट, निळसर. मधल्या हवेतला धुरळा आणि बाष्प उजेड पसरवतात, त्यामुळं लांबच्या वस्तूतला काळा रंग काळा राहत नाही. आपलं मॉडेल अगदी जवळ आहे, त्यामुळं त्याच्या आणि डोंगराच्या फरकावरच सगळी खोली उभी राहते.

डोंगराच्या लेयरवर कलर्स मेनूतून लेव्हल्स उघडा. खाली आउटपुट लेव्हल्सची पट्टी असते. तिचं डावं टोक 0 वरून 40 ते 60 च्या दरम्यान आणा. काळे भाग राखाडी होतील आणि डोंगर एकदम मागे सरकेल. मागे दोन-तीन रांगा असतील तर सगळ्यात लांबच्या रांगेला जास्त, जवळच्या सोंडेला कमी. त्यासाठी लेयरची नक्कल करून तिला मास्क लावावा लागतो, पण पहिल्या फोटोत हा खटाटोप टाळलात तरी चालेल. अतिरेकही करू नका. नोव्हेंबरच्या सकाळचं धुकं आणि कड्यावर रेंगाळणारा ढग यांत फरक आहे.

मग थोडा गॉसियन ब्लर, म्हणजे धूसरपणा, एक-दोन पिक्सेल. नियम इतकाच की किल्ल्याचा मागचा बुरूज जितका धूसर असेल त्यापेक्षा डोंगर जास्त स्पष्ट नसावा. लोक इथं उगाच डोंगराचं लोणी करतात. तसं केलं की डोंगर भिंतीवर चिकटवलेला कॅलेंडरचा फोटो वाटतो.

रंगाची झाक जुळवायला कलर टेंपरेचर हा पर्याय आहे. गच्चीवरच्या पद्धतीने फोटो काढले असतील तर बहुधा लागत नाही. हळिवाचा हिरवा मात्र नेहमी भडक असतो, तेवढ्यासाठी सॅच्युरेशन थोडं उतरवा.

सांधा

किल्ल्याची माती संपते आणि डोंगराच्या फोटोतला पायथा सुरू होतो तिथं सरळ रेघ दिसते. पाटाची कड असते ना, ती. तिच्यावर काहीतरी आडवं यायला हवं. मी फोटो काढतानाच पाटाच्या मागच्या कडेला कोथिंबिरीच्या काड्या आणि थोडी वाळकी बारीक झुडपं खोचते, लांबून ती झाडी वाटते. विसरलात तर डोंगराच्या फोटोतली झाडांची एखादी रांग कापून तिसरा लेयर करा आणि सांध्यावर बसवा. या मधल्या लेयरला लेव्हल्स द्यायची ती डोंगरापेक्षा कमी.

शेवटी सगळ्यावर मिळून एक हात फिरवा. लेयर मेनूतलं न्यू फ्रॉम व्हिजिबल घेतलं की दिसतंय तसं सगळं एका नव्या लेयरवर येतं. त्यावर किंचित नॉइज टाका, दिसेल न दिसेल इतकाच. दोन वेगळ्या फोटोंचा पोत वेगळा असतो, हा बारीक दाणा दोन्हींवर सारखा बसला की फरक बुजतो. मग फोटो काही वेळ काळा-पांढरा करून बघा. रंगात न दिसणारी चूक उजेड-अंधारात दिसते. किल्ल्याच्या सावल्या डोंगरापेक्षा गडद असायला हव्यात. उलटं असेल तर परत लेव्हल्सकडे जा.

आणि दुसऱ्या कुणालातरी दाखवा, न सांगता. मी अजूनही आधी बाबांनाच दाखवते. यंदा त्यांनी बराच वेळ बघून फक्त एवढं विचारलं, "हा मधला बुरूज कललाय का?" तो खरोखरच कलला होता, आदल्या रात्री मांजर चढलं होतं.

स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम आधी वाचा. संपादित फोटो काही ठिकाणी चालत नाहीत, आणि चालत असले तरी फोटोखाली 'जोडफोटो' असं लिहावं. मागची मेहनत तुमचीच आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

काम गिम्पच्या एक्ससीएफ फाइलमध्ये सेव्ह करा, म्हणजे लेयर आणि मास्क तसेच राहतात. लोकांना द्यायला एक्स्पोर्ट अ‍ॅज करून जेपीजी, क्वालिटी 90 च्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर हळिवाच्या ज्या काड्यांवर तासभर घालवला त्या पहिल्या फटक्यात हिरवा चिखल होतात.